आधी दार लाव

इर्याला फिनलंडमधल्या ताम्पेरेत येऊन दोन दिवस झाले होते, आणि अजून एकही माणूस तिच्याशी धड फिनिशमध्ये बोललं नव्हतं.

ती आठ वर्षांची असताना आईबापाने कामासाठी स्वीडन गाठलं. तिकडेच तिची शाळा झाली, तिकडेच लग्न झालं, आणि उभा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलण्यात गेला. फिनिश उरली ती आईशी भांडण्यापुरती. आई गेली, तसं तेही संपलं. आता पासष्टीला, निवृत्त मंडळींच्या सहलीतून, गळ्यात पिवळं कार्ड अडकवून ती जन्मगावी आली होती. पाहुणी म्हणून!

बाजारात तिने काळं सॉसेज मागितलं. विकणाऱ्या पोरीने उच्चार ऐकला, गोड हसली आणि इंग्रजीत सुरू झाली. बसमध्ये तेच, कॉफीच्या दुकानातही तेच. आमचा फिनिश माणूस मुळात तोंड उघडायला नाखूश. उघडलंच, तर पाहुण्याला त्रास नको म्हणून परक्या भाषेत. सभ्यपणालाही काही सीमा असावी!

"कशाला जिवाला लावून घेतेस?" तिची स्वीडिश मैत्रीण गुनवोर म्हणाली. "किती छान बोलतात सगळे."

"छानच बोलतात गं, पाहुण्यांशी बोलावं तसं. एकदा तरी कुणी घरच्यासारखं बोलू दे की!"

तिसऱ्या दिवशी मंडळी संग्रहालय बघायला गेली आणि इर्या एकटीच पिस्पालाची टेकडी चढली. लहानपणीचं त्यांचं जुनं लाकडी घर पाडून तिथे कुणीतरी काचेचं ऐसपैस घर बांधलं होतं. तिला वाईट वाटलं, पण रडू येण्याइतकं नाही. त्या जुन्या घरात हिवाळ्यात बादलीतलं पाणी गोठायचं, हे ती विसरली नव्हती.

उतारावरच्या सार्वजनिक सॉनाचं, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराचं, धुराडं मात्र तसंच धुरकटत होतं. तिने तिकीट काढलं, कपडे खुंटीला टांगले आणि बायकांच्या बाजूचं दार उघडलं. आत अंधार होता, वरच्या फळीवर चारपाच बायका उघड्याबोडक्या, गप्प बसल्या होत्या. भिजल्या बर्च पानांचा वास नाकात शिरला आणि इर्या उंबऱ्यातच थबकली. अंगावर चिंधी नाही, पण गळ्यातलं पिवळं कार्ड काढायचं राहिलेलं.

"दार!" वरून एक म्हातारी कडाडली. "चर्चमध्ये जन्मलीस की काय गं?"

चर्चचं दार सदा उघडं, म्हणून दार लावायला विसरणाऱ्याला इकडे हे ऐकावंच लागतं. इर्याच्या आईने तर हे ऐकवून ऐकवून तिचे कान किटवले होते.

"सिल्वीकाकू, हळू!" शेजारची तरुण बाई कुजबुजली. "पाहुण्या आहेत त्या. कार्ड बघा ना." आणि ती इर्याकडे वळून इंग्रजीत माफी मागू लागली.

इर्याने दार ओढून घेतलं. कार्ड गळ्यातून काढून मुठीत चुरगाळलं.

"चर्चमध्ये नाही, सॉनात जन्मले," ती म्हणाली. शब्द आठ वर्षांच्या पोरीचे होते, हेलही तोच. "इथंच, वरच्या गल्लीत. बर्फात टॅक्सी चढेना, म्हणून शेजारणीने अंगणातल्या सॉनातच आईला मोकळं केलं."

म्हातारीने पुढे वाकून तिला नीट न्याहाळलं.

"मग तर तुला जास्त अक्कल हवी!" सिल्वीकाकू म्हणाली. "सॉनात जन्मून दार उघडं टाकतेस? वाफ काय तुझ्या बापाची आहे?"

बायका खो खो हसल्या. तरुण बाईही हसली, आणि तिचं इंग्रजी तिथेच आटपलं.

"बघतेस काय? चढ वर," म्हातारीने सरकून जागा केली. "आणि तापल्या दगडांवर पाणी ओतण्याआधी सगळ्यांना विचारायचं. तेवढं तरी लक्षात आहे, की तेही विसरलीस?"

"आहे, आहे," म्हणत इर्या तिला खेटून बसली. कित्येक वर्षांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं.

संध्याकाळी गुनवोरने विचारलं, "मग? बोललं का कुणी नीट?"

"नीट कुठलं!" इर्याचा चेहरा अजून लालबुंद होता. "चांगली खरडपट्टी काढली माझी."