टोकियोतले नामदेव

हसा खुशाल, पण ही फजिती सांगितल्याशिवाय मला चहा गोड लागायचा नाही!

आम्ही बार्शीचे, जातीनं नामदेव शिंपी. माझी शाळा चौथीपर्यंत, पुढं जन्मभर शिलाई मशीन. बायको गेली आणि लेकानं इकडं टोकियोत, कोतो भागात आणलं. लेक-सून दिवसभर ऑफिसात. नातवाला मराठीत हाक मारली, तर उत्तर जपानीत! मी मराठी बोलायचं कुणाशी? भिंतीशी?

एकदा लेकाचा मित्र हरपाल म्हणाला, "बाबाजी, इतवार को गुरुद्वारे चलिए. नामदेवजी को सुनेंगे. आपके महाराष्ट्र के, आप जैसे दर्जी!"

टोकियोत आपला शिंपी! मला रात्रभर झोप नाही. रविवारी बायकोच्या पद्धतीची लसणाची चटणी डब्यात भरली आणि निघालो.

गाडीत विचारलं, "नामदेव इधर कैसे आया?"

"पहले पंजाब में रहे. बाद में पाँचवें गुरुजी ने अंदर जगह दी."

मी समजलो, पाचव्या मजल्यावरचे गुरुजी! केवढा भला घरमालक!

"अकेला रहता है?"

"नहीं जी, कबीरजी, रविदासजी, सब साथ में."

"एकही खोली में?"

हरपाल पोट धरून हसला. त्याला वाटलं, म्हातारा गंमत करतोय!

गुरुद्वारात डोक्याला रुमाल बांधून बसलो, डबा मांडीवर. शेजारच्या सरदार आजोबांना हळूच विचारलं, "नामदेव किधर बैठा है?"

त्यांनी हात जोडून समोर दाखवलं. समोर ग्रंथ, मागं चवरी ढाळणारा तरणा सरदार.

"वो पंखावाला?"

"नहीं भाई, ग्रंथ साहिब में!"

मग त्यांनी समजावलं. पाचव्या गुरूंनी ग्रंथ सिद्ध केला, त्यात गुरूंच्या वाणीशेजारी आपल्या संत नामदेवांचे अभंगही बसवले. पुढं दहावे गुरू म्हणाले, आता हा ग्रंथच गुरू.

आणि समोर चाललेल्या कीर्तनात एकदम शब्द आला, "बीठल." दुकानात सुईत दोरा ओवताना वडील हेच नाव घ्यायचे हो! माझे डोळे भरले.

बाहेर हरपालनं विचारलं, "बाबाजी, डब्बा किसके लिए?"

खोटं बोलता येईना. म्हटलं, "नामदेव के लिए."

घरी ही बातमी माझ्याआधी पोचली. नातू दारातच उभा. गंभीर तोंड करून म्हणाला,

"आजोबा, नामदेव-सान घरी नव्हते का?"

ते जपानी 'सान', म्हणजे आपलं 'राव', सोडलं तर अख्खं वाक्य मराठीत! मला चिडवायला का होईना. चटणी मग त्यालाच दिली.