चारी बाजूंनी मोकळी जागा

मुकादम मामा कुणाला जमिनीवर बसू देत नसत. अकोल्यातल्या त्यांच्या खोलीत चटई नव्हतीच. दोन बाजा होत्या. त्या भरल्या की मामा स्वतः दाराला टेकून उभे राहत. "पातूरकडं आमच्या गावात माहा बाप जन्मभर दुसऱ्याच्या ओट्याखाली बसला," ते म्हणत. "माह्या घरी कोनी खाली नाई बसनार."

जिनिंग फॅक्टरीत ते मुकादम होते. दीक्षेनंतर दोन-तीन वर्षांनी आम्ही काही बौद्ध कुटुंबांनी गृहनिर्माण सोसायटी काढली, तेव्हा चेअरमन त्यांनाच केले. मी घरांचे नकाशे तपासणाऱ्या कचेरीत कारकून, म्हणून सेक्रेटरी. शहराबाहेर एक वावर मिळाले. वरच्या अंगाला मुरमाड टेकाड, खालच्या अंगाला काळी माती, बाभळी आणि नाला. पावसाळ्यात नाल्याचे पाणी बाभळींत पसरायचे.

मामांचे एकच म्हणणे होते. "गावात आपली वस्ती नेहमी खालीच. इथं कोनी खाली नको. समदे वर, भिंतीले भिंत लावून. खालचं रान तसंच ठेवू. पानी आलं तं पानी राहीन, नाई तं पोरं खेळतीन."

टेकाडावर सगळे मावतील का, अशी शंका निघाली. मामांनी रविवारी प्रत्येक घरातून एक बाज आणायला लावली आणि ज्याचे घर जिथे यायचे तिथे त्याची बाज मांडली. दिवसभर टेकाडावर बाजांचे गाव वसले होते. सोसायटीतल्या गंगूबाई तेवढ्या अडून बसल्या. "मुकादम, तुमची बाज माह्या बाजूले नको. तुमी घोरता."

"बाई, तुह्या घोरण्यात माहं कोनाले ऐकू येते?"

हसत हसत सगळे मावले.

तो नकाशा मीच काढला आणि मामांना सोबत नेऊन आमच्या कचेरीतल्या साहेबांपुढे ठेवला. साहेब वाईट नव्हते. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. "कल्पना चांगली आहे हो. पण प्रत्येक प्लॉट ठरलेल्या मापाचा हवा, घराच्या चारी बाजूंनी मोकळी जागा हवी. भिंतीला भिंत लावली की ती चाळ झाली. लोकांना उजेड-वारा मिळावा म्हणूनच तर नियम आहे."

मामा उभेच होते. म्हणाले, "सायेब, पान्यात उभ्या घराले वारा घेऊन काय करू?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. नियम वाकवण्याचा अधिकार ना त्यांना होता, ना मला.

नियमाप्रमाणे आखणी केली तेव्हा प्लॉट टेकाडावरून उतरत थेट नाल्यापर्यंत गेले. बाभळी तुटल्या. कुणाला कोणता प्लॉट, यासाठी चिठ्ठ्या टाकल्या. मामांनी आपल्या नावाची चिठ्ठी टाकूच दिली नाही. नाल्याला लागून असलेला प्लॉट घेतला. मला टेकाडावरचा निघाला. संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. म्हणालो, "मामा, माहा प्लॉट तुमी घ्या."

"तुही पोरं लहान हायत. ते काय पोहतीन? जा घरी."

मी पुन्हा विचारले नाही. खरे सांगायचे तर परतताना मला हायसे वाटले होते. एवढी वर्षे झाली, ते हायसे वाटणे माझा पिच्छा सोडत नाही.

पुढे दर पावसाळ्यात मामांच्या घरात पाणी शिरे. काळ्या मातीने भिंतींना भेगा पाडल्या. मी उतरून बोलवायला जाई. "चाल तू, येतो मी," ते म्हणत, आणि येत नसत. एका पावसाळ्यात ओल छातीत बसली आणि मामा त्याच घरात वारले.

मागच्या महिन्यात त्यांच्या मुलाने ते घर विकले. नव्या मालकाला ते पाडून तिथेच दुसरे बांधायचे आहे. त्याचा नकाशा माझ्या टेबलावर आला. मी एकेक माप पुन्हा पुन्हा ताडून पाहिले. चारी बाजूंनी जागा बरोबर सोडली होती; अडवायला काही सापडेना. शेवटी 'नियमानुसार' असा शेरा मारून मी तो साहेबांकडे पाठवला.