मधली बाकं

सर्वधर्म सहल ही आमच्या इतिहासाच्या सरांची हौस. देशभर देवळं-मशिदींवरून डोकी फुटत होती, आमच्या तंजावूरच्या कॉलेजातही मुलं आपापली टोळकी करून बसायला लागली होती. म्हणून सरांनी एक बस ठरवली. सकाळी मोठं देऊळ, मग दर्गा, शेवटी चर्च. चर्च सुचवलं माझ्या मैत्रिणीनं, पापनाशमच्या पलीकडं तिच्या गावातलं.

तिनं ते उगीच सुचवलं नव्हतं. त्या चर्चमध्ये मधली बाकं जमीनवाल्या ख्रिस्ती घरांची. त्यांच्या शेतात राबणारी तिची माणसं बाजूच्या पडवीत, जमिनीवर. दारही वेगळं. मी म्हटलं, "काय सांगतेस? मला वाटायचं हे आमच्यातच असतं." ती म्हणाली, "तुमच्यातूनच येताना बरोबर आणलं. दुसरं काय होतं आणायला?"

महिन्याभरानं तिच्या थोरल्या बहिणीचं लग्न होतं. बहिणीनं मोठ्या दारातून आत यावं, एवढंच तिला हवं होतं. पाद्री भला, पण भित्रा. म्हणायचा, तुमच्यातलं कुणी एकदा मधे बसून दाखवा, मग मला तोंड उघडता येईल. कॉलेजच्या परक्या माणसांदेखत आपल्याला कोण हटकणार, असं तिला वाटत होतं. मलाही वाटत होतं.

देवळात तिनं कपाळाला भस्म लावलं, दर्ग्यात डोक्यावरून ओढणी घेतली. कुठंही कुणी काही विचारलं नाही.

चर्चमध्ये आम्हाला मोठ्या दारातून मानानं आत नेलं. देवळात जाणारी मी, दर्ग्याजवळ राहणारी दोन मुलं, सगळे मधे. ती माझ्या शेजारी बसली आणि माझा हात धरला.

संध्याकाळच्या प्रार्थनेला तिचे आई-वडील आणि बहीण पडवीच्या दारानं आली. पांढरी वेष्टी नेसलेला एक म्हातारा मधल्या बाकावरून उठला. तिच्याकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही. सरळ पडवीच्या कडेला गेला आणि तिच्या वडिलांशी हसत हसत काहीतरी बोलला. वडिलांनी खांद्यावरचा पंचा काढून काखेत धरला. धन्यासमोर आमच्या मुलखात असाच धरतात.

मग तिची आई खांबापर्यंत आली. त्यापुढच्या फरशीवर तिनं पाऊल ठेवलं नाही. हळूच म्हणाली, "ऊठ गं. बाबांना उद्या शेतावर जायचंय."

ती उठली. माझ्या हातातला हात काढून घेतला आणि पडवीत जाऊन आईशेजारी खाली बसली. सरांना वाटलं, पोरगी घरच्यांना भेटायला गेली. त्यांनी आभाराचं भाषण केलं. इथं सगळ्यांना जागा आहे, असं म्हणाले. माझं डोकं असं फिरलं की उठून त्यांचं तोंड दाबावंसं वाटलं.

बसमध्ये मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अहवालात हे नको घालूया."

घरी आईनं दारातच अडवलं. "कुठं कुठं शिवून आलीस कोण जाणे. आधी न्हाऊन घे, मग आत ये." एरवी मी तिच्याशी हुज्जत घातली असती. त्या दिवशी मुकाट न्हाणीत गेले आणि पाण्याच्या आवाजात पोटभर रडले.

लग्नाला मी गेले. जमीनवाल्यांच्या घरचं कुणीही आलं नव्हतं. मी पडवीच्या दाराकडं वळत होते, तेवढ्यात चर्चच्या नोकरानं मला पाहिलं, "या अम्मा" म्हणाला आणि मोठ्या दाराकडं हात केला. पडवीतून मैत्रिणीनं मान हलवली. इकडं येऊ नकोस, असं सांगत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले असते, तर उद्या जाब तिच्या वडिलांना द्यावा लागला असता.

नवरी बाजूच्या दारानं आली. तिची सगळी माणसं पडवीत दाटीवाटीनं बसली होती, पोरं मांडीवर घेऊन. मधल्या सगळ्या बाकांवर मी एकटी होते.