सातवं कलम

वजनमापे खात्यातून बाई निवृत्त झाल्या त्याला आठ वर्षं झाली, तरी त्या दुकानात शिरल्या की दुकानदार अजून घाईघाईनं काटा पुसायला घेतो. नोकरीत त्यांनी निम्म्या बाजाराला दंड केला होता आणि उरलेला निम्मा त्यांच्या वाटेला जात नसे. नियम म्हणजे नियम. सख्ख्या मामालाही त्यांनी सोडलं नव्हतं. अशा बाईला चहाला कोण बोलावणार? बोलावणारी एकच होती, धाकटी बहीण, आणि तिच्याशी बोलायला कोर्टाची बंदी होती.

ही बंदी कोर्टानं आपणहून घातली नव्हती, हे मात्र सांगायला हवं. आईवडिलांच्या घरावरून दोघींचा दावा चालला, हमरीतुमरी झाली आणि शेवटी तडजोड झाली. वरचा मजला थोरलीला, खालचा धाकटीला. सहा कलमं लिहून झाल्यावर वकिलानं विचारलं, आणखी काही? तेव्हा थोरलीनंच तणतणत सातवं घालायला लावलं. दोघींनी यापुढे एकमेकींशी बोलू नये, निरोप पाठवू नये, एकमेकींच्या दारात जाऊ नये. धाकटी म्हणाली, घाला, माझं काय अडलंय. दोघींनी सह्या ठोकल्या आणि न्यायाधीशांनी त्याचाच हुकूम केला.

त्याला अकरा वर्षं झाली. मध्ये धाकटीचा नवरा गेला. बाई अर्धा जिना उतरल्या आणि माघारी फिरल्या, कारण हुकूम होता. खालून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत. पूर्वी चार व्हायच्या, मग दोनच व्हायला लागल्या. एका सकाळी एकही झाली नाही. अँब्युलन्स आली आणि धाकटीला घेऊन गेली. बाई गॅलरीतून बघत राहिल्या. पाच दिवस खाली कुलूप होतं आणि काय झालंय ते विचारायला त्यांना सबंध गावात एक माणूस नव्हतं. सहाव्या दिवशी खालचा नळ वाजला, तेव्हा बाई फरशीवर बसून रडल्या.

मग त्यांनी वकील गाठला. वकील म्हणाला, उतरा की जिना, कोण बघतंय? बाईंनी त्याच्याकडे खोट्या वजनाकडे बघावं तसं बघितलं. हुकूम कोर्टानं केलाय, तो कोर्टच रद्द करेल, असं त्यांनी सुनावलं. अर्ज गेला. बेलिफ नोटीस घेऊन आला तेव्हा बाई वरच्या पायरीवर कान देऊन उभ्या होत्या. धाकटीनं ती त्याच्याकडून दोनदा वाचून घेतली.

म्हणणं मांडायला धाकटीनं चार वेळा मुदत मागितली. चार महिने दोघी एकाच घरातून निघून वेगवेगळ्या बसनं कोर्टात जात आणि मध्ये एक वकील सोडून एकाच बाकावर बसत. धाकटी वाळली होती, पण काठीशिवाय चालत होती. तारखेच्या आदल्या दिवशी बाई कपड्यांना इस्त्री करून ठेवत. एवढं सुख त्यांना अकरा वर्षांत मिळालं नव्हतं.

पाचव्या तारखेला न्यायाधीशांनी विचारलं, "संमतीनं झालेला हुकूम सहजासहजी उठत नाही. तुमची फसवणूक झाली होती का? कुणी दबाव आणला होता?"

"नाही साहेब. चूक झाली."

"कसली चूक?"

"मला वाटलं, ती आधी कलम मोडेल."

कोर्टात कुणी हसलं नाही. ही चूक कायद्यात बसत नाही, असं न्यायाधीश हळू आवाजात म्हणाले. मात्र दोघींची तयारी असेल तर नवी तडजोड आत्ता नोंदवून घेऊ. त्यांनी धाकटीकडे पाहिलं. बाईंना तिकडे बघायचा धीर झाला नाही.

"माझी हरकत आहे," धाकटी म्हणाली. "हे गेले तेव्हा ती अर्ध्या जिन्यातून परत गेली. मी दार उघडं ठेवलं होतं."

अर्ज फेटाळला गेला. बाईंनी पिशवी उचलली. आता तारीख नाही. आता फक्त वरचा मजला आणि खालच्या दोन शिट्ट्या.

दाराशी धाकटी थांबली. बाईंकडे न बघता ती आपल्या वकिलाला म्हणाली, जरा मोठ्यानंच, "त्यांना सांगा, अपिलाला तीस दिवस असतात. शेवटच्या दिवसाची वाट बघत बसू नका म्हणावं."

निरोप पाठवू नये, असं कलमात स्वच्छ लिहिलं होतं. बाईंनी डोळ्यांदेखत नियम मोडलेला पाहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा तक्रार केली नाही.