दुकानाच्या पाटीवरचा मेस्त्री

शनिवार, १ मे १९९९. हजर: आई, बाबा, धाकटा भाऊ, पाटी रंगवणारा पेंटर आणि मी. भावजय सकाळी येऊन गेली, बाळ रडत होतं. फादर हत्यारांवर पवित्र पाणी शिंपडून चहा न घेताच पुढच्या घरी गेले.

सुतारांच्या संताचा सण म्हणून भावाने मनवेलपाड्यातलं दुकान त्याच दिवशी उघडायचं ठरवलं होतं. आमच्या घरातली रीत अशी की या दिवशी म्हातारा मेस्त्री फळीवर एकदा रंधा मारतो आणि मग तो मुलाच्या हातात देतो. त्या क्षणापासून मुलगा मेस्त्री. बाबांना तो त्यांच्या वडिलांनी गिरीजच्या अंगणात दिला होता.

पण बाबा हत्यारांच्या पेटीवरच बसून राहिले. भावाने पेंटरला दिलेल्या मजकुरात त्याचं नाव होतं आणि खाली ‘फर्निचर व इंटिरियर’. मेस्त्री हा शब्द कुठेच नव्हता.

“मेस्त्री नाय, तर रंधा देऊ कोनाला? इंटिरियरला?”

“बाबा, इथे मेस्त्री म्हटलं की लोक पावसात फुगलेला दरवाजा घासायला बोलावतात. किचनच्या ट्रॉल्यांना नाही बोलावत.”

“दरवाजे घासूनच तुला शिकवला.”

पेंटर शिडीवर चढला होता, तो खाली उतरून बिडी ओढायला गेला.

मी तेव्हा कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होते. हे भांडण आठवडाभर चालू असल्याने मी व्युत्पत्तिकोश चाळून तयारीनिशी आले होते. सांगितलं ते असं. मेस्त्री हा शब्द पोर्तुगिजांच्या ‘मेस्त्रे’वरून आला, आणि तो लॅटिन ‘मागिस्तेर’वरून. फ्रान्समध्ये त्याचा ‘मेत्र’ झाला, तिथे वकिलालाही तसंच हाक मारतात. इटलीत ‘माएस्त्रो’, म्हणजे गाण्याबजावण्यातला उस्ताद. इंग्रजांनी मास्टर केला, तोच झिजून मिस्टर झाला. आणि मूळ शब्दात ‘जास्त’ असा अर्थ आहे. त्याच्या उलट ‘कमी’ या अर्थाच्या शब्दावरून मिनिस्टर आला. तो मुळात नोकर.

“म्हंजे मंत्र्यापरीस मेस्त्री मोठा?” बाबा पहिल्यांदा हसले.

“मग मंत्र्याला सांगा, आपली मोरीची खिडकी बसवून दे,” आई म्हणाली. “मोठ्या मेस्त्र्याला दोन वर्षं सवड नाही.”

“बाय, गिऱ्हाईक लॅटिन वाचून येत नाही,” भाऊ म्हणाला. ते खरंच होतं.

मी तिथे थांबायला हवं होतं. पण माझ्याकडे जर्मन शिल्लक होतं. जर्मनीत त्याच शब्दाचा ‘माइस्टर’ झाला आणि तिथे सुताराला तो असाच मिळत नाही, परीक्षा द्यावी लागते, असं मी सांगून टाकलं.

“परीक्षा कोन घेतो?”

“जुने माइस्टर.”

बाबा पेटीवरून उठले. झाकण उघडून त्यांनी रंधा काढला आणि रीतीप्रमाणे स्वतः न मारता तो तसाच भावाच्या हातात दिला. “मार. ढलपी अख्खी निघाली, तर तू मेस्त्री. मग पाटीवर लिव, नायतर नको लिवू.”

भाऊ कितीतरी वर्षं मशीनच वापरत होता. त्याने बाही सरकवली, सागाची फळी धरली. रंधा मध्येच अडला. दुसऱ्यांदा ढलपी निघाली, ती तुकड्यातुकड्यांनी. बाबांनी रंधा पुसून पेटीत ठेवला आणि म्हणाले, “पुढल्या सनाला बघू.” आवाजात राग नव्हता, ते कामाचं बोलत होते.

पेंटर परत आला. “शेठ, नावाआधी काय लिहू?”

भाऊ फळीकडे बघत होता. “काही लिहू नको. वीतभर जागा सोड.”

आता २००७ चालू आहे. दुकान चांगलं चालतं. पाटी मध्ये एकदा नव्याने रंगवली, तेव्हाही भावाने ती जागा सोडायला लावली. गिऱ्हाइकं विचारतात, अक्षरं पुसली का? दर वर्षी एप्रिलमध्ये तो मला फोन करून सांगतो, यंदा हात बसवतो. मग लग्नसराईची कपाटं येतात आणि ते राहून जातं. बाबांचे हात आता कापतात, पण पेटीची किल्ली त्यांच्या उशाशीच असते. रंध्याचं पातं गंजलंय. ते घासायला मी बाहेर द्यायला निघाले होते, बाबांनी दिलं नाही. ज्याला लिवायचंय त्यानंच घासावं, म्हणाले. पातं अजून घासायचं आहे.