दोन डाव्या बाह्या

बाईचं खरं नाव कागदपत्रांत कुठंतरी असेल, पण अख्खा बाजार तिला कात्रीमावशी म्हणायचा. अर्धं नाव हातातल्या कात्रीमुळं, अर्धं तोंडातल्या.

बहात्तरावं लागलं होतं. गुडघे कुरकुरायचे, सुईत दोरा ओवायला सून लागायची. पण कापड बेतायचं आणि कापायचं काम मावशीनं कुणाला दिलं नव्हतं. सून अकरा वर्षं दाराशी मशीनवर. बेतायचं टेबल आत, खिडकीखाली. त्याला सुनेचा हात लागायचा तो फक्त पुसायला.

"आई, खडूनं खूण तरी करत जा. ही डावी बाही, ही उजवी."

"मी काय पहिलीत आहे?"

त्या आठवड्यात शाळेतले गुरुजी कोट शिवायला आले. शनिवारी त्यांचा निरोप समारंभ. सोबतच्या मास्तरांनी मिळून कापड दिलं होतं, ताग्याचा शेवटचा तुकडा, जेमतेम कोटापुरता. मावशीनं टेप लावला.

"हात वर करा."

डावा गेला. उजवा कानाशी येऊन अडला.

"फळ्यानं खाल्ला तो," गुरुजी हसले. "सकाळी सदरासुद्धा बायको चढवते."

"बरी कामाला लावलीत तिला."

गुरुवारी मावशी कापायला बसली. एरवी कापड दुमडून घ्यायचं, म्हणजे एका कापात दोन्ही बाह्या निघतात. या तुकड्याला दुमड पुरेना, म्हणून एकेरी पसरलं. कागदाचा साचा ठेवून एक बाही कापली. दुसरीला साचा पालथा घालायचा असतो. तेवढंच राहिलं. पन्नास वर्षं दुमडूनच कापलेला हात, तो पुढं निघून गेला.

सुनेनं बाह्या उचलल्या आणि मावशीपुढं धरल्या. मावशीनं एकीवर एक ठेवून पाहिल्या. काठाला काठ बसला. दोन्ही डाव्या.

"मापात तरी चूक नाही," मावशी म्हणाली आणि खाली बसली.

कापडाची उलटी बाजू फिकी होती, एक बाही फिरवून लावली तरी चूक लपणार नव्हती. आणि आता टेबल आपल्याकडं राहत नाही, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

सून हळूच म्हणाली, "गुरुजींना सांगते, माझ्याकडून बिघडलं."

"माझी चूक तू का पळवतेस? हवी असेल तर स्वतःची कर."

दुपारी मावशी त्या बाह्या मांडीवर घेऊन बसली. चहा आला तसाच निवला. डोळ्यांपुढं तो उजवा हात येत होता, कानाशी अडलेला. हा माणूस कोटात शिरणार कसा? दोघांनी धरायचं, तिसऱ्यानं ओढायचं, आणि तेही भर समारंभात! हे माप घेतानाच दिसलं होतं. डोळ्यांनी पाहिलं होतं, कात्रीनं ऐकलं नव्हतं.

"ऊठ गं," ती सुनेला म्हणाली. "पाठ आणि पुढचे दोन्ही भाग कच्चे जोड. उजवी काख दोन बोटं खाली उतरव."

"मी कापू?"

"मग काय शेजारणीला बोलावू?"

शुक्रवारी गुरुजी आले. मावशीनं दोन्ही बाह्या त्यांच्यापुढं ठेवल्या.

"दोन्ही डाव्या कापल्या. मीच. कापड भरून देईन. पण आधी हे अंगात घालून बघा."

गुरुजींनी बिनबाह्यांचं जाकीट हातात घेतलं. उजवा हात खालूनच सरकवला, मग डावा. बटणं स्वतः लावली. आरशासमोर उभे राहिले, परत काढलं, परत घातलं.

"कापडबिपड राहू दे, मावशी," ते म्हणाले. "पण आता बायकोला काम काय द्यायचं?"

"भांडायला मोकळी होईल. परवापासून घरीच आहात की."

शनिवारी जाकीट समारंभाला गेलं. पुढच्या आठवड्यात आणखी दोन म्हातारे आले, एकाचा खांदा धरलेला, एकाची मान वळत नव्हती. दोघांनाही तसंच हवं होतं, अंगाला न भांडणारं.

मावशीनं दाराशी खुर्ची मांडली. टेप गळ्यात, कात्री सुनेकडं. माणूस उंबरा ओलांडायच्या आत तिच्या ध्यानात यायचं, कोण एका बाजूला कलतो, कोण पोट आत ओढून माप देतो. "श्वास सोडा, जेवल्यावर काय करणार?" ती दरडावायची. कापताना तिच्या नजरेतून हे अर्धं सुटायचं, कारण लक्ष कापडावर असायचं. आता दुपारी भिंतीला टेकून डुलकीही मिळायची. बेतायच्या टेबलाशी कधी मिळाली नव्हती.

दोन डाव्या बाह्या तिनं टेबलाच्या वर, भिंतीतल्या खिळ्याला लटकावल्या. सुनेसाठी नाही म्हणे, शोभेला.

"आई, खूण केली," आतून आवाज आला.

"वाच मोठ्यानं."

"डावी. उजवी."

"हां, काप आता. आणि जीभ बाहेर काढून कापू नकोस, गिऱ्हाईक बघतंय."