अक्कांची कीली

अक्का बसलेल्या अशा फक्त जेवतानाच दिसायच्या, आणि तेव्हाही एक गुडघा उभाच. हाक आली की उठायला सोपं. सत्तर सालानंतर केव्हातरी लग्न होऊन मी बार्शीहून सोलापुरात, बाळीवेशीजवळच्या घरी आले. दुसऱ्याच दिवशी ही शेजारची उंच, सावळी बाई भराभर आत शिरली आणि मला कोपरानं ढकलून म्हणाली, "तंगी, सर की बाजूला, भाकरी करपायली." सासरी आल्याआल्या पैशाची तंगी निघाली असं समजून मी पिठाचा डबा उघडून पाहिला. अक्कांच्या घरात कानडी बोलत, आणि कानडीत तंगी म्हणजे धाकटी बहीण, हे मला नवऱ्यानं संध्याकाळी हसत हसत सांगितलं.

त्यांच्या पायाला थारा नव्हता. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता एक मल्लू पुण्याला नोकरीला. सकाळी कुणाच्या बाळंतिणीला न्हाऊ घाल, दुपारी कुणाच्या कडक भाकरी थापून दे, तिथून तशाच कुणाला दवाखान्यात ने. मी म्हणायची, अक्का, घटकाभर बसा तरी. "बसते की," त्या चप्पल शोधत म्हणायच्या, "मेल्यावर बसवूनच पुरत्यात आमच्या लिंगायतांत. तवा काय उटायचं न्हाई."

मल्लूनं पुण्याला जाण्याआधी दाराला नाइट लॅच बसवलं होतं. दार ओढलं की आपोआप बंद होणारं. आई सदा बाहेर, निदान घर बंद राहील, असा त्याचा हिशेब. अक्कांनी त्याच्या किल्ल्या करवून घेतल्या आणि हळदीकुंकवासारख्या वाटल्या. एक आमच्याकडे, एक समोरच्या कमळाबाईंकडे, एक दूधवाल्याकडे, एक वळसंगच्या चुलत दिरांकडे. बाजाराला आलेली वळसंगची माणसं बस येईपर्यंत तिथं टेकत, माठातलं पाणी पीत, जाताना शेंगांची पिशवी ठेवून जात. मला कपाटाची किल्ली कमरेला नसली तर चैन पडत नसे. मी एकदा चिडून म्हटलं, अहो चोर येईल. अक्का म्हणाल्या, "आला तर बसंल की. घरात कुणीतरी असंलच."

एकदा मल्लू न कळवता आला. त्याच्याच कॉटवर एक अनोळखी फेटेवाला झोपलेला. त्यानं एक डोळा उघडून मल्लूला विचारलं, "कोन पायजे? अक्का न्हाईत. बसा, पानी घ्या." स्वतःच्या घरात पाहुणा ठरलेला मल्लू पाणी पिऊन बसला, पण अक्का आल्यावर त्याचा आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आला. "अक्का, सगळ्या किल्ल्या परत घे, नाहीतर चल माझ्याबरोबर पुण्याला. एकटीला असं धर्मशाळेत ठेवणार नाही मी."

अक्का त्या दिवशी पहिल्यांदा घाबरलेल्या पाहिल्या. पुण्याला जायचं म्हणजे बाळंतिणी, भाकऱ्या, गल्ली, सगळंच सुटणार. आणि दिलेली किल्ली परत मागायची तरी कशी? "माणूस काय म्हनंल ग? ह्यांना आमी चोर वाटायलो म्हनंल." शेवटी मल्लूनंच तोड काढली. लॅच तसंच ठेवायचं, किल्ली जाते तो गोल सिलिंडर तेवढा बदलायचा, की जुन्या किल्ल्या आपोआप बाद. कुणाकडे मागायला नको. अक्कांनी गळ्यातल्या लिंगाला हात लावून शब्द दिला, नवी किल्ली कुणालाही देणार नाही. मल्लू एका लग्नासाठी अक्कलकोटला गेला. संध्याकाळी परत येईपर्यंत काम झालेलं हवं होतं.

मी बरोबर जाणार होते, पण माझी वाट बघण्याचा त्यांना कुठला धीर! मी धुणं वाळत घालते आहे तोवर त्या जुनी किल्ली घेऊन बाजारात पोचल्यासुद्धा. दुपारी घामाघूम होऊन आल्या आणि माझ्यापुढे दोन चकचकीत किल्ल्या टाकल्या. "झालं काम."

"अक्का, ह्या किल्ल्या आहेत. कुलूप कुठंय?"

"हीच की कीली."

मग माझ्या ध्यानात आलं. कानडीत कुलपाला कीली म्हणतात. अक्का मराठी बोलतानाही 'दाराला कीली घाल'च म्हणायच्या. दुकानात जुनी किल्ली दाखवून त्यांनी सांगितलं होतं, ह्याची नवी कीली दे. दुकानदारानं बिचाऱ्यानं किल्ली करून दिली. किल्ल्या कमी करायला गेलेल्या अक्का आणखी दोन घेऊन आल्या होत्या. आम्ही दोघी पोट धरून हसलो, मग घड्याळाकडे पाहिलं आणि पदर खोचून धावलो.

सिलिंडर आणला. त्याच्या पाठीमागं एक लांब चपटी पट्टी असते, ती दाराच्या जाडीप्रमाणे तोडून लॅचच्या खाचेत बसवायची. मी सुतळीनं माप घेत होते. "किती मापं काडायलीस," म्हणून अक्कांनी पक्कड उचलली आणि पट्टी कटकन तोडली. आखूड. किल्ली गरगर फिरे, लॅच हलेना. मला रडू यायचं बाकी राहिलं. पुन्हा दुकान, पुन्हा नवा सिलिंडर. या वेळी मी पक्कड लपवून ठेवली. मल्लू गल्लीच्या तोंडाशी दिसला तेव्हा अक्का शेवटचा स्क्रू पिळत होत्या. त्यानं दोनदा दार उघडून-लावून पाहिलं, आईच्या हातात एक किल्ली ठेवली आणि बाकीच्या खिशात टाकून पुण्याला गेला.

दुसऱ्या दिवशी कमळाबाई परातीवर फडकं टाकून आल्या. त्यांनी किल्ली घातली, फिरवली, काढून पदरानं पुसली, पुन्हा घातली. अक्कांनी आतून दार उघडलं.

"माझी किल्ली झिजली वाटतं, अक्का."

अक्कांनी परातीवरचं फडकं सारखं केलं. मग म्हणाल्या, "व्हय, झिजली असंल." कमळाबाई परात ठेवून गेल्या. त्यांना कळलं होतं, मला दिसत होतं. त्यानंतर त्या आल्या त्या बाहेरून हाक मारून.

आता कुणासाठी दार उघडं ठेवायचं तर अक्कांना स्वतःलाच घरी राहावं लागे. मग त्या राहू लागल्या. उंबऱ्यावर येऊन उभ्या राहत, आत जात, पुन्हा येत. बाळंतिणीकडून बोलावणं आलं तर निम्म्या वाटेतून परत फिरत, कुणी येऊन गेलं असेल म्हणून. वळसंगचे दीर एकदा बंद दारापाशी ताटकळून निघून गेले. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. मी म्हटलं, गुपचूप चार किल्ल्या करून आणा की, मल्लूला पुण्यात काय कळतंय? "लिंगाला हात लावलाय, तंगी." मला मल्लूचा राग येई, त्या पितळी सिलिंडरचा राग येई. ज्या घरासाठी त्या इथं राहिल्या होत्या, त्यात आता कुणी येत नव्हतं. संक्रांतीला त्यांनीच मल्लूला सांगितलं, "ने मला. हितं तरी काय हाय?"

वर्षभरानं मी पुण्याला गेले तेव्हा त्यांना भेटायला गेले. तिसरा मजला, गुळगुळीत जिना, सगळी दारं बंद. मल्लू हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, अक्का फार विसरायला लागलीय हो. किल्ली आत ठेवते आणि दार ओढून घेते. आम्ही दोघं नवरा-बायको कामावर. मग दिवसभर शेजाऱ्यांकडे. डॉक्टरांना दाखवू म्हणतो." अक्का तेवढ्यात चहा, चिवडा, माझ्या पोरांची चौकशी असं सगळं एकदमच करत होत्या. कमळाबाईंच्या नातवाचं नाव मला आठवेना, ते त्यांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी निरोप घ्यायला गेले, तेव्हा मल्लू आणि सून कामावर गेलेली. अक्का मला जिन्यापर्यंत सोडायला बाहेर आल्या. मी हात धरून म्हटलं, अक्का, किल्ली पदराला बांधत जा, अशी विसरू नका.

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि माझ्या कानाशी वाकल्या. "विसरत न्हाई ग. हितं कुणी कुणाला घरात बोलवत न्हाई. किल्ली आत ऱ्हायली म्हटलं की कुणीतरी घेतंच की."

मी जिना उतरू लागले. वर दार ओढल्याचा खट् आवाज झाला. मग चपला घाईघाईनं समोरच्या दाराकडे गेल्या आणि अक्कांचा टिपेचा आवाज आला, "ताई, बगा की, आजबी किल्ली आतच ऱ्हायली!"